पाईकसाठीचा ड्रॉप-ऑफ अलार्म, अख्खा हिवाळा वापरल्यानंतर (सगळा प्रश्न क्लिपचा)

सप्टेंबरच्या शेवटी जोडी घेतली, 58 पौंडाला, म्हणजे आपले सहा हजाराच्या वर. आता इथे इंग्लंडमध्ये 15 मार्चपासून नद्या मासेमारीला तीन महिने बंद झाल्यात, तर निवांत लिहितो. कंपनीचं आणि दुकानाचं नाव लिहीत नाही, पोस्टेजवरून वाद अजून मिटलेला नाही. जे पाईकच्या (गोड्या पाण्यातला मोठा शिकारी मासा) मागे आहेत त्यांना ड्रॉप-ऑफ माहीतच असतो, बाकीच्यांसाठी एवढंच की रीलचा बेल आर्म (लाईन अडवून धरणारी तार) उघडा ठेवून लाईन रॉडच्या मागे असलेल्या अलार्मच्या दांडीच्या क्लिपमध्ये अडकवायची, माशाने ओढली की लाईन सुटते, दांडी पडते, अलार्म वाजतो. आवाज, लाईट, व्हॉल्यूमचं बटण हे सगळं ठीकच आहे, बॅटरी पूर्ण सीझन टिकली. पण त्या वस्तूचा जीव क्लिपमध्ये आहे आणि नेमकी तिथेच कंपनीने काटकसर केलीय.

माझं फिशिंग एली ते लिटलपोर्टमधली ग्रेट ऊझ आणि आजूबाजूचे फेनमधले, म्हणजे पूर्व इंग्लंडच्या सखल दलदलीच्या भागातले, ड्रेन. सतराव्या शतकात दलदल उपसायला खणायला घेतलेले हे लांब सरळसोट कालवे, काठाला झाड नाही, आडोसा नाही, वारा लागला की दिवसभर एकाच दिशेने झोडपतो. ऑक्टोबरमध्ये नदीत पालापाचोळा वाहत असतो, तो लाईनला अडकतो, क्लिप जरा सैल असली की दांडी खाली, आणि तुम्ही गवतातून धावत रॉडपर्यंत जाता तर काही नाही. मग स्क्रू आवळायचा. हा स्क्रू शर्टाच्या बटणाएवढा, प्लास्टिकचा, हातमोज्यात फिरत नाही, आणि पाव आटा फिरवला की एकदम घट्ट. नदीला घट्ट लागतो आणि ड्रेनला सैल, मधलं सेटिंग मिळेपर्यंत बोटं बधीर झालेली असतात. नोव्हेंबरपर्यंत माझं मत होतं की पैसे पाण्यात.

एवढ्याशा क्लिपचं काय घेऊन बसलाय असं वाटेल. पण पाईक मेलेलं आमिष आधी आडवं धरतो, मग फिरवून डोक्याकडून गिळतो. आमिषात दोन ट्रेबल हूक असतात, म्हणजे सहा काटे. क्लिप घट्ट असली तर त्याला ओढ जाणवते आणि तो आमिष टाकून जातो, तो तरी बरा प्रकार. वाईट प्रकार म्हणजे मासा जागेवरच गिळत बसतो, दांडी हलत नाही, आणि तुम्हाला कळेपर्यंत हूक घशाच्या खाली. दात एवढे भयानक असून हा मासा हाताळायला फार नाजूक आहे, खोल अडकलेला हूक काढताना रक्त आलं तर बहुतेक वाचत नाही. कित्येक वर्षं जगलेली मादी त्या प्लास्टिकच्या स्क्रूपायी मरावी हे मला अजिबात पटत नाही, म्हणून एवढं लिहितोय. मी सेमी-बार्ब्ड (सगळ्या काट्यांना उलटी अणी नसलेले) सहा नंबरचे हूक वापरतो, लांब चिमटा आणि मासा ठेवायची मऊ मॅट रॉडच्या शेजारी उघडी ठेवतो, पण हे सगळं नंतरचं. आधी वेळेवर कळायला पाहिजे.

डिसेंबरच्या मध्यावर खरी भानगड सापडली. दोन्ही क्लिपना जिथे लाईन बसते तिथे ब्रेडने, म्हणजे विणलेल्या लाईनने, चर पाडला होता. 50 पौंड ताण सोसणारी ब्रेड बारीक असते, मऊ प्लास्टिक ती करवतीसारखी कापते, आणि एकदा चर पडला की स्क्रू कितीही सैल करा, लाईन चरात रुतून बसते. म्हणजे तुम्ही सैल समजताय आणि ती घट्ट आहे. दुकानाला फोटो पाठवले. आधी उत्तर आलं नेहमीची झीज आहे, मग आलं की ब्रेड वापरू नये. बॉक्सवर, आतल्या कागदावर, कुठेही तसं लिहिलेलं नाही आणि इथे पाईकवाले निम्म्याहून जास्त ब्रेडच वापरताना दिसतात, मग वस्तू बनवली कोणासाठी. चार-पाच ईमेल झाल्या, शेवटी म्हणाले परत पाठवा, पोस्टेज तुमचं. ऐन सीझनमध्ये तीन आठवडे गेले. त्या काळात साडेतीन-चारला अंधार पडतो, शनिवार-रविवारच काय तो मिळतो, त्यामुळे हे तीन आठवडे मला फार लागले.

जानेवारीत बदलून एकच आला, दुसरा "तपासणीत" आहे. पण हा जो आला त्याची क्लिप वेगळी, स्टीलची गोळी आणि स्प्रिंग, स्क्रू धातूचा आणि मोठा, हातमोज्यात फिरतो. इथून माझं मत बदललं. लाईन प्रत्येक वेळी तेवढ्याच ओढीला सुटते. कडक थंडीत ड्रेन गोठले तेव्हा नदीवर गेलो, रॉडच्या रिंगांत बर्फ धरत होता, क्लिप मात्र अडकली नाही. बिजागरीला व्हॅसलीनचं बोट लावलं होतं, तेवढं लावाच. हीच क्लिप पहिल्यापासून दिली असती तर हे सगळं लिहायची वेळच आली नसती.

आणि दांडीचं वजन. हे मी आधी दोष समजत होतो, जरा जड आहे, वाऱ्यात खाली ओढते. फेब्रुवारीत थोडे दिवस वारा पडला, पाणी निवळलं, इथल्या बांगड्याचा शेपटीकडचा अर्धा तुकडा काठाजवळच्या उतारावर टाकला होता. लाईन बाहेर गेलीच नाही, उलट ढिली पडली आणि दांडी नुसती खाली बसली. मासा माझ्याच दिशेने येत होता. हलकी दांडी असती तर ढिल्या लाईनवर तशीच लटकत राहिली असती आणि मासा तोवर आमिष गिळून मोकळा. अलार्म वाजल्या वाजल्या ढील गुंडाळली, वजन लागलं, रॉड मागे घेतला. हूक जबड्याच्या कोपऱ्यात, चिमट्याने दोन सेकंदात निघाला. ओल्या स्लिंगमध्ये (मासा तोलायची झोळी) 23 पौंड 10 औंस, म्हणजे पावणेअकरा किलोच्या आसपास, अंड्यांनी भरलेली मादी. नर दहा पौंडाच्या वर क्वचितच जातो, मोठा पाईक म्हणजे मादीच. फेब्रुवारी 2024 मध्ये चू व्हॅली लेकला 47 पौंड 5 औंसचा ब्रिटिश रेकॉर्ड झाला, त्याच्या पुढे ही निम्मीच, पण वीस पौंडाच्या वरची एक मिळावी म्हणून मी किती हिवाळे काढलेत. पाण्यात सरळ धरली, कल्ले चालू झाले, तिची ती गेली.

आईला फोटो पाठवला तर मालवणहून फोन, एवढा मोठा मासा आणि सोडलास? तिला सांगितलं की इंग्लंडच्या नद्यांतून दिवसाला एकच पाईक नेता येतो आणि तोही 65 सेंटीमीटरपर्यंतचाच, त्याहून मोठा सोडायलाच लागतो. आणि कायदा नसता तरी मी सोडलीच असती, तेही सांगितलं. तिला दुसरं पटलं नाही.

तर घ्यायचा का? स्टीलच्या गोळीची क्लिप असेल तर डोळे झाकून घ्या, जड दांडीसकट. दुकानात क्लिप उघडून बघा, आत प्लास्टिक दिसलं तर निम्म्या किमतीलाही नको, निदान ब्रेड वापरणाऱ्यांनी तरी नाही. मोनो (साधी एकेरी नायलॉनची लाईन) वापरत असाल तर एखादा सीझन जाईल. ठेवताना बॅटरी काढून ठेवा, माझ्या जुन्या एका अलार्ममध्ये उन्हाळ्यात बॅटरी फुटून आतला पत्रा गेला होता.

दुसरा अलार्म अजून तपासणीतच आहे. पोस्टेजचे 4 पौंड 20 पेन्स मागितलेत, त्यावर उत्तर नाही. सोमवारी परत ईमेल करणार आहे, पावतीच्या फोटोसकट.