प्रपोर्शनल डिव्हायडर आणि मॅट फिल्म: टेरोसॉर काढताना आठ महिन्यांचा अनुभव

जानेवारी ते ऑगस्ट असा हा वापर आहे. मुंबईतले कोरडे महिने, एप्रिल-मेचा घाम आणि भर पावसाळा, तिन्ही त्यात आले. संच असा: पितळी अंगाचा दहा इंची प्रपोर्शनल डिव्हायडर (दोन्ही बाजूंना टोकांची जोडी असलेलं, एका बाजूचं माप दुसऱ्या बाजूला ठरलेल्या प्रमाणात लहान-मोठं करून देणारं उपकरण), दोन्ही बाजूंनी मॅट असलेली ७५ मायक्रॉनची ए-३ पॉलिएस्टर फिल्म, ए-३ एलईडी ट्रेसिंग पॅड, ०.०५ ते ०.५ मिमीची पिगमेंट पेनं आणि एक डिजिटल व्हर्नियर. काम एकच, टेरोसॉरांची, म्हणजे डायनासोरांच्या काळातल्या उडणाऱ्या सरीसृपांची, शास्त्रीयदृष्ट्या बरोबर चित्रं. आधी सांगाडा, मग स्नायू, मग पंखाचा पडदा, शेवटी अंगावरची लव.

निकाल आधीच सांगतो. डिव्हायडर आणि फिल्म घ्याच. पॅड ए-४ असला तरी भागतं. पेनांवरचा खर्च निम्मा केला तरी चित्र बिघडत नाही.

डिव्हायडरची एवढी गरज का, ते टेरोसॉरच्या पंखातच दडलंय. पक्ष्याच्या चित्रात हाडाची लहानसहान चूक पिसांखाली झाकली जाते. वटवाघळाचा पडदा चार बोटांवर ताणलेला असतो, तिथे एखादं बोट चुकलं तरी बाकीची सावरून घेतात. टेरोसॉरचा पंख मात्र एकाच, चौथ्या बोटावर उभा आहे. पंखाची पुढची कड म्हणजे जवळजवळ हाडच. या बोटाला चार पेरं असतात आणि नख नसतं. पहिली तीन बोटं लहान, नख्या असलेली आणि पडद्याबाहेर मोकळी. पाचवं बोट नाहीच. पेरांची लांबी थोडी चुकली की पंखाचं टोक सरकतं, मागची कड बदलते आणि चित्र दुसऱ्याच कुळातल्या प्राण्याचं दिसू लागतं. रॅम्फोरिंकस या टेरोसॉरमध्ये तळहाताचं हाड, म्हणजे चौथं मेटाकार्पल, दंडाच्या ह्यूमरसपेक्षा आखूड असतं. टेरानोडॉनमध्ये तेच हाड कोपरापुढच्या अल्नापेक्षाही लांब असतं. अझ्डार्किड कुळात पंखबोटाचं पहिलं पेर फार लांब आणि शेवटचं अगदी आखूड. डोळ्यांच्या अंदाजाने काढलं की हात आपोआप या तिघांची सरासरी काढतो, आणि असा प्राणी कधी होऊनच गेला नाही.

आता डिव्हायडर. मधली चकती सरकवून गुणोत्तर लावायचं, मोठं टोक मूळ फोटोवर आणि लहान टोक फिल्मवर. हा क्रम उलटा करू नका. १:५ वर लहान टोकाने माप घेऊन मोठ्या टोकाने काढलं तर ०.३ मिमीची चूक दीड मिमी होते. मोठ्याकडून लहानाकडे आलं तर तीच चूक पाचपट कमी होते. कोरलेल्या रेषेवर विसंबूनही चालत नाही. प्रत्येक वेळी व्हर्नियरने १०० मिमी उघडून दुसऱ्या बाजूला १:४ वर नेमके २५ येतात का ते पाहावं. चकतीचा स्क्रू काम करता करता सैल होतो आणि गुणोत्तर हळूच सरकतं, म्हणून दर दहाबारा मापांनंतर तपासणी लागते. साधारण दीडशे मिमीच्या पुढे टोकं इतकी तिरपी बसतात की कागदावर घसरतात. तेवढं लांब हाड दोन तुकड्यांत मोजलेलं बरं.

पितळेला पावसाळ्याने काही केलं नाही, पण पोलादी टोकांवर आणि स्क्रूवर जूनच्या दुसऱ्याच आठवड्यात तांबूस ठिपके आले. खिडकीतून समुद्राची हवा येते तिथे हे होणारच. शिलाई मशीनच्या तेलाचा एक थेंब चिंधीवर घेऊन टोकं पुसायची आणि दुसऱ्या कोरड्या फडक्याने तेल पूर्ण काढायचं. फिल्मवर तेलाचा डाग पडला की त्या जागी शाई बसत नाही.

मोजायचं कशावर, हा खरा अडथळा. जीवाश्माचा फोटो तिरका घेतलेला असू शकतो. त्यातली मापपट्टी फोटोच्या कडेला आणि हाड मध्यावर असेल तर दोन्हीकडचं प्रमाण सारखं असेलच असं नाही. शोधनिबंधात हाडांच्या लांबीचा तक्ता असेल तर तोच धरावा आणि फोटो फक्त हाडाच्या आकारासाठी वापरावा. बव्हेरियातल्या झोल्नहोफेनच्या चुनखडीत सापडलेले नमुने दाबून सपाट झालेले आहेत. त्यांत हाडाची लांबी बऱ्यापैकी टिकते, जाडी टिकत नाही. टेरोसॉरची हाडं पोकळ आणि पातळ भिंतीची, त्यामुळे चिरडून रुंद झालेलं हाड तसंच उतरवलं तर हात ओंडक्यासारखा दिसतो. डावं आणि उजवं, दोन्ही हाडं मोजावीत. एक आखूड आलं तर बहुतेक वेळा ते दगडात तिरपं रुतलेलं असतं किंवा टोकाशी तुटलेलं असतं.

फोटो छापून घेताना कोपऱ्यावरच्या झेरॉक्सवाल्याला दोन गोष्टी स्पष्ट सांगाव्या लागतात: शंभर टक्के आणि ‘फिट टू पेज’ बंद. नाहीतर प्रिंट तीनचार टक्के लहान निघते आणि कुणाच्या लक्षातही येत नाही. छापण्याआधी फाइलच्या कोपऱ्यात १०० मिमीची रेघ टाकून ठेवा आणि दुकानातून निघण्याआधी ती पट्टीने मोजा.

प्रमाण निवडताना कागदाची रुंदी आधी बघा. टेरानोडॉनच्या नराचा पंखविस्तार सरासरी ५.६ मीटर आणि मादीचा ३.८ मीटर धरतात. १:१५ वर हे ३७.३ आणि २५.३ सेंमी होतात, म्हणजे दोन्ही ए-३ वर आडवे बसतात. एकाच प्रमाणात दोघं शेजारी ठेवले की नराचा लांब तुरा आणि मादीचा लहान, गोलसर तुरा यांतला फरकही खुलून दिसतो. क्वेट्झलकोॲटलस नॉर्थ्रोपी १० मीटर धरला तर १:२५ वर ४० सेंमी, आणि ए-३ वर दोन्ही कडांना जेमतेम एकेक सेंटिमीटर उरतो. टेक्सासमधल्या बिग बेंडला १९७१ मध्ये डग्लस लॉसन यांना त्याची हाडं मिळाली. १९७५ मध्ये त्यांनी विस्ताराचा अंदाज १५.५ मीटर दिला होता, आता १० ते ११ मानतात. जुन्या पुस्तकातला आकडा उचलला तर शेजारी उभा केलेला माणूस उगाच बुटका होतो.

इथे एक नेहमीची चूक होते. हाडांच्या लांबीची बेरीज म्हणजे पंखविस्तार नव्हे. उडताना कोपर वाकलेलं असतं, मनगट पुढे येतं आणि पंखबोट मागे झुकतं. मुंबईच्या आकाशात घिरट्या घालणारी घार खालून पाहा, तिचंही मनगट पुढे असतं आणि तिथून पंख मागे वळतो. सगळी हाडं एका रेषेत मांडून काढलेला टेरोसॉर सुळावर ताणल्यासारखा दिसतो.

आपल्याकडचा टेरोसॉर काढता येईल का, असं मराठी वाचकाला साहजिकच वाटेल. प्राणहिता-गोदावरी खोऱ्यातल्या कोटा थरांतल्या नमुन्याला १९७४ मध्ये कँपिलोग्नॅथॉइडीस इंडिकस हे नाव दिलं गेलं, पण तो जबड्याचा तुकडा आहे. पंखाचं एकही लांब हाड नसेल तर मापांचा तक्ता होत नाही, आणि तक्त्याशिवाय या पद्धतीने पूर्ण प्राणी काढणं प्रामाणिक ठरणार नाही.

फिल्मकडे वळू. ट्रेसिंग पेपर जानेवारीत छान वागला. जुलैत तोच ए-३ कागद लांबीत दीड-दोन मिमी फुगला आणि त्याला लाटा आल्या. १:२५ वर दोन मिमी म्हणजे प्रत्यक्षात पाच सेंटिमीटर! शिवाय सांगाडा एका कागदावर आणि पडदा दुसऱ्यावर असेल तर दोन्ही एकमेकांवर जुळतच नाहीत. पॉलिएस्टर फिल्म दमट हवेत फुगत नाही, आणि तिच्यासाठी जास्त पैसे मोजण्याचं हेच कारण पुरेसं आहे. चारही कोपऱ्यांत ०.१ ने फुल्या मारून ठेवा. हाडं, स्नायू, पडदा आणि लव अशा चार फिल्म आठ महिन्यांनीही केसाच्या फरकाने जुळतात. अब्दुल रेहमान स्ट्रीटच्या घाऊक बाजारात नुसती ‘फिल्म’ मागितली तर ओएचपी शीट हातात पडते. ती गुळगुळीत असते, पेन्सिल उमटत नाही. ‘दोन्ही बाजू मॅट ड्राफ्टिंग फिल्म’ असं पूर्ण नाव सांगा आणि नखाने खरखर तपासून घ्या.

फिल्मचा शत्रू घाम. तळहाताचा तेलकट ओलावा लागला की शाई थेंबाथेंबांत आकसते. हाताखाली कागदाचा तुकडा ठेवायचा आणि शाईआधी आयसोप्रोपिल अल्कोहोलने फिल्म हलकेच पुसायची. कागदासाठीची पिगमेंट पेनं फिल्मवर वाळायला वेळ घेतात, पावसाळ्यात अर्धा तासही कमी पडतो. फिल्मसाठीची वेगळी शाई घेतली की हा त्रास जातो.

पेनांबद्दल हात आखडता घ्यायला सांगितलं, त्याचं कारण पंखाच्या पडद्यात आहे. पडद्याच्या आत ॲक्टिनोफायब्रिल नावाचे तंतू असतात. रॅम्फोरिंकसमध्ये त्यांची जाडी साधारण ०.०५ मिमी आणि दोन तंतूंमधलं अंतर साधारण ०.२ मिमी. १:४ वर काढलं तर हे अंतरच ०.०५ मिमी होतं, म्हणजे सर्वांत बारीक पेनाची एक रेघ. थोडक्यात, तंतू काढणं शक्यच नाही. तरीही असंख्य चित्रांत पडद्यावर छत्रीच्या काड्यांसारख्या रेघा असतात. त्याऐवजी एचबी पेन्सिलीची एकसंध छटा द्या आणि बाहेरच्या अर्ध्या भागात ती जरा ताठ, सुरकुती नसलेली ठेवा, कारण तंतू तिथेच दाट असतात. ०.१ आणि ०.३ ही दोन पेनं हाडांसाठी पुरतात.

मागची कड पायाशी कुठे जुळते यावर बराच वाद झाला. एल्गिन, होन आणि फ्राय यांनी २०११ मध्ये मऊ ऊती टिकलेले नमुने एकत्र तपासून घोट्याच्या बाजूने कौल दिला, आणि चित्रात तेच धरावं. पंखाच्या टोकापासून घोट्यापर्यंत सरळ रेघ मात्र ओढू नका. कड आत वळलेली असते. मनगटातून निघणारं टेरॉइड हाड शरीराच्या दिशेने रोखलेलं असतं आणि खांदा ते मनगट या पुढच्या छोट्या पडद्याला आधार देतं. ते भाल्यासारखं पुढे काढलं की पुढचा पडदा अवाढव्य होतो.

जमिनीवरचा टेरोसॉर काढायचा असेल तर तो चार पायांवर. पायठशांत मागचं पाऊल पूर्ण टेकलेलं आणि हाताची तीन बोटं बाहेर-मागे वळलेली दिसतात. पंखबोट सांध्यातून दुमडून कोपराच्या बाजूने वर-मागे जातं, जमिनीला लागत नाही. खांद्याचे स्नायू भरदार हवेत. मायकेल हबीब यांनी २००८ मध्ये मांडलेली चारही पायांनी झेप घेण्याची कल्पना याच भक्कम पुढच्या हातांवर उभी आहे. टेरानोडॉनच्या पायात शिकार पकडून उडतानाचं चित्र काढू नका, ते पाऊल पकडीचं नाही. त्याच्या चोचीत दातही नकोत. दात रॅम्फोरिंकसला: वर २०, खाली १४, पुढे झुकलेले. त्याच्या शेपटीच्या टोकाचं उभं पातंही वयाप्रमाणे बदलतं, पिल्लात लंबगोल, मग शंकरपाळ्यासारखं, प्रौढात त्रिकोणी. मोठ्या पंखावर पिल्लाचं पातं बसवलं तर जाणकाराला लगेच खटकतं.

लव काढायला फिल्मसारखं दुसरं काही नाही. पेन्सिलीची गडद छटा देऊन ११ नंबरच्या ब्लेडने बारीक पांढऱ्या रेघा खरवडायच्या. मान, धड आणि दंडाचा वरचा भाग एवढ्यापुरतंच. एका जागी दोनदाच खरवडता येतं, तिसऱ्यांदा मॅट थर निघून चकचकीत भोक दिसतं. लव होती यात शंका नको. शारोव्ह यांनी १९७१ मध्ये सॉर्डेस पिलोससचं वर्णन केलं तेव्हापासून पुरावा वाढतच आलाय, आणि २०२२ मध्ये ब्राझीलच्या टुपँडॅक्टिलसच्या तुऱ्याजवळ फांद्या फुटलेले तंतू आणि निरनिराळ्या आकारांचे रंगकण वर्णन झाले. अंगावर रंगांत फरक असावा, एवढं त्यावरून म्हणता येतं. नेमका रंग ठरत नाही, म्हणून रंगीत प्रत केली तर तळाशी ‘रंग कल्पित’ असं लिहा.

एलईडी पॅडविषयी थोडंच. सर्वांत कमी प्रकाश पुरतो, जास्त ठेवला की पेन्सिलीची छटा किती गडद झालीय ते कळत नाही आणि पॅड बंद केल्यावर चित्र काळंकुट्ट निघतं. फिल्म पॅडवर मास्किंग टेपने चिकटवून रात्रभर ठेवू नका, दमट हवेत टेपचा गोंद उतरतो. काम झालं की फिल्म सपाट, बटर पेपर मध्ये घालून, सिलिका जेलच्या दोन पुड्यांसह झाकणाच्या डब्यात ठेवा. पुड्या पावसाळ्यात दर पंधरा दिवसांनी बदलाव्या लागतात, नाहीतर बटर पेपरला बुरशी धरते आणि ती पेन्सिलीच्या छटेवर उतरते.