गरोदरपणाचा हिशेब: आठवडे की महिने?

शेजारच्या काकू विचारतात, "कितवा चालू आहे?" आणि फाइलवर लिहिलेलं असतं २८ आठवडे. मग चारने भागून उत्तर जातं, "सात झाले." इथेच घोटाळा होतो. २८ आठवडे म्हणजे १९६ दिवस, जेमतेम साडेसहा महिने. सातवा लागलाय, भरलेला नाही. चार आठवड्यांचा महिना फक्त फेब्रुवारी. वर्षभराची सरासरी धरली तर महिना ४.३५ आठवड्यांचा. म्हणून ४० आठवड्यांचे दहा महिने होत नाहीत, नऊ महिने आणि वर आठवडा होतो. आपलं 'नऊ महिने नऊ दिवस' याच्या किती जवळ आहे बघा! हे ४० आठवडे मोजायचे ते शेवटच्या पाळीच्या पहिल्या दिवसापासून.

तपासण्यांसाठी माझं मत ठाम आहे: आठवडेच मोजा. एनटी स्कॅनची (बाळाच्या मानेमागची जाडी बघणाऱ्या सोनोग्राफीची) मुदत ११ आठवड्यांपासून १३ आठवडे ६ दिवसांपर्यंत. "तीन महिने होऊ देत, मग जाऊ" म्हणालात, तर हातात जेमतेम आठवडा उरतो, आणि तेवढ्यात अपॉइंटमेंट मिळायला हवी. बाळाचे अवयव बघणाऱ्या सोनोग्राफीचंही तसंच. ती १८ ते २० आठवड्यांत करतात. तिला 'पाचव्या महिन्यातली' म्हणतात ते बरोबरच आहे, पण पाच महिने भरल्यावर गेलात तर बाविसावा आठवडा चालू असेल.

प्रसूतीच्या तारखेला मात्र महिन्यांची रीतही चालते: पाळीच्या तारखेत नऊ महिने सात दिवस मिळवायचे. १ जानेवारी २०२५ची पाळी असेल तर या रीतीनेही आणि ४० आठवड्यांचे २८० दिवस मोजूनही ८ ऑक्टोबरच येते. १ मे असेल तर महिन्यांनी ८ फेब्रुवारी आणि २८० दिवसांनी ५ फेब्रुवारी. अंदाजाच्या तारखेत तीन दिवसांनी काही बिघडत नाही.

रजेत बिघडतं. खासगी नोकरीत पहिल्या दोन मुलांपर्यंत २०१७च्या दुरुस्तीपासून २६ आठवडे, म्हणजे १८२ दिवस मिळतात. केंद्र सरकारी नोकरीत १८० दिवस. दोन्हींना आपण 'सहा महिने' म्हणतो. १ जुलैपासून रजा घेतली तर खासगीत ३० डिसेंबरला हजर व्हायचं, सरकारीत २८ला. १ जानेवारी धरून गावाहून परतीचं तिकीट काढू नका. इथे दिवस मोजा.

लसींसाठी आशाताई दीड, अडीच, साडेतीन महिने सांगतात. कार्डावर त्याच ६, १०, १४ आठवड्यांच्या लसी असतात. तारीख कार्डावरची धरा. गोवर-रुबेलाच्या लसीपासून, म्हणजे नऊ महिने भरल्यापासून पुढे महिनेच सोयीचे. डोहाळजेवणालाही महिने पुरेत.

पाळी बुधवारी सुरू झाली असेल, तर दर बुधवारी एक आठवडा भरतो. भिंतीवरच्या कॅलेंडरात त्या चौकटीत आकडा लिहीत गेलं की भागाकार करावाच लागत नाही. पाळी अनियमित असेल आणि सुरुवातीच्या सोनोग्राफीवरून डॉक्टरांनी प्रसूतीची तारीख बदलली असेल, तर त्या तारखेला ४० धरून आकडे मागे मागे लिहीत या.