टेलिक्स, झेडमोडेम आणि एक्सटी: रात्री आपोआप फाइली पाठवण्याचा काही महिन्यांचा अनुभव

निकाल आधीच सांगतो: चालतं, आणि बऱ्यापैकी बिनबोभाट चालतं. झेडमोडेमचं, म्हणजे मोडेम लावून फोनच्या लाइनवरून फाइली पाठवण्याच्या पद्धतीचं, नाव झालं ते वेगामुळे, पण मला वेगाचं फारसं काही पडलं नव्हतं. रात्री दीड वाजता दोन्ही टोकांना माणूस नसताना काम झालं पाहिजे, आणि झालं नाही तर सकाळी ते कळलं पाहिजे, एवढीच अपेक्षा होती.

मांडणी अशी. कॅनडात टोरोंटोजवळ मिसिसॉगाला आमच्या तळघरात 8088 प्रोसेसरची एक्सटी क्लोन (आयबीएमच्या जुन्या पीसी एक्सटीची नक्कल), 4.77 मेगाहर्ट्झ, 20 एमबीची हार्ड डिस्क, आणि बाहेर ठेवायचा 2400 चा (सेकंदाला 2400 बिट) मोडेम. टोरोंटोतल्या स्कारबरोला मित्राकडे 286 प्रोसेसरचा पीसी आणि तसाच मोडेम. दोघांनाही जुन्या फ्लॉप्या वाचून जपायचा नाद आहे. त्याने दिवसभरात वाचलेलं रात्री माझ्याकडे येतं, माझं त्याच्याकडे जातं. इथे लोकल कॉल महिन्याच्या भाड्यातच येतात, त्यामुळे तासभर लाइन धरून ठेवली तरी खिशाला चाट नाही. भारतात मोडेमच्या काळी कॉलगणिक मीटर पडायचा, तिथे हा खेळ जरा महागात गेला असता. (इंटरनेटवरून का पाठवत नाही, हा प्रश्न घरातून विचारून झाला आहे.)

दोन्हीकडे टेलिक्स आहे, मोडेम चालवणारं डॉसवरचं सॉफ्टवेअर. हा प्रोग्रॅम टोरोंटोचाच, एक्सिस या कंपनीचा, कॉलिन सँपलेअनूने लिहिलेला. झेडमोडेम त्यात आतच आहे. खरी मजा मात्र त्याच्या साल्ट या स्क्रिप्टच्या भाषेत. दिसायला सी सारखी, एडिटरमध्ये लिहायची, सोबतच्या छोट्या कंपायलरमधून काढायची आणि टेलिक्स सुरू करतानाच तिचं नाव द्यायचं. माझी स्क्रिप्ट ठरलेली वेळ होईपर्यंत घड्याळ बघत बसते, मग नंबर फिरवते, पलीकडून नाव आणि पासवर्ड विचारला की उत्तर देते, फोल्डरमधलं सगळं एका दमात पाठवते, तिकडचं घेते आणि फोन ठेवते. मित्राच्या बाजूला टेलिक्ससोबत येणारी होस्ट स्क्रिप्टच वापरली, तिच्यात फारसं काही बदलावं लागलं नाही.

स्क्रिप्ट लिहिणाऱ्याला एक सूचना. 'वेटफॉर' हे फंक्शन एकाच मजकुराची वाट बघतं. पलीकडून भलतंच काही आलं तर ते वेळ संपेपर्यंत ढिम्म बसून राहतं. त्यापेक्षा 'ट्रॅक' वापरा, म्हणजे एकाच वेळी अनेक शब्दांवर नजर राहते. आणि प्रत्येक पायरीला कॅरियर (पलीकडच्या मोडेमचा सूर) आहे की गेला, हे तपासा. माझ्या स्क्रिप्टमध्ये काम करणाऱ्या ओळी थोड्या आणि 'नाही झालं तर' वाल्या ओळी जास्त आहेत. ते तसंच असायला हवं.

आता प्रोटोकॉलचं, म्हणजे फाइल पाठवण्याच्या नियमांचं. वॉर्ड क्रिस्टेन्सनने 1977 साली लिहिलेला एक्समोडेम मुद्दाम चालवून पाहिला. 128 बाइटचा ब्लॉक पाठवायचा, पोच येईपर्यंत थांबायचं, मग पुढचा. 2400 ला एका ब्लॉकला अर्ध्या सेकंदाहून थोडा जास्त वेळ लागतो आणि वर थांबण्याचा वेळ वेगळा. पण खरी अडचण संथपणाची नाही. एक्समोडेम फाइलचं नावच पाठवत नाही, ते दोन्ही बाजूंना वेगवेगळं सांगावं लागतं. शिवाय लांबीही पाठवत नाही, म्हणून शेवटचा ब्लॉक भरून काढायला फाइलच्या शेपटीला कचरा चिकटतो. अशा प्रोटोकॉलवर रात्रीचं काम सोपवणं म्हणजे पाकिटावर पत्ता न लिहिता पत्र टाकण्यासारखं आहे. चक फोर्सबर्गच्या वायमोडेमने पहिल्याच ब्लॉकात नाव आणि लांबी घातली, तिथून गठ्ठ्याने फाइली पाठवणं सोपं झालं. त्याच फोर्सबर्गने 1986 मध्ये टेलेनेट या पॅकेट नेटवर्कसाठी झेडमोडेम केला. तिथे पोच यायला इतका उशीर व्हायचा की थांबून थांबून पाठवणं परवडत नसे. म्हणून हा थांबतच नाही. चूक झाली तर घेणारी बाजू सांगते, अमुक बाइटपासून पुन्हा दे. माझ्याकडे 360 केबीची भरलेली फ्लॉपी साधारण 26-27 मिनिटांत जाते, म्हणजे लाइन जवळपास पूर्ण वापरली जाते.

लाइन तुटल्यावर पुढून सुरू करण्याची सोय सोन्यासारखी आहे, पण तिच्यात एक खड्डा आहे. नेहमीच्या सेटिंगला झेडमोडेम फक्त नाव आणि लांबी बघतो. कालची अर्धवट 'लिस्ट.टीएक्सटी' तिकडे पडलेली असेल आणि आज त्याच नावाची नवी, मोठी फाइल गेली, तर जुन्या धडाला नवी शेपटी जोडली जाते आणि वर सगळं यशस्वी म्हणून नोंद होते. सीआरसी (तपासणीचा आकडा) बरोबर, ट्रान्सफर बरोबर, फाइल मात्र निकामी. यावर आमचा तोडगा: नावातच तारीख घालायची, आठ अक्षरांत ती मावते. सगळं पीकेझिप या फाइली आवळणाऱ्या प्रोग्रॅमने बांधायचं, आणि फाइल आली की बॅच फाइलमधूनच अनझिपची चाचणी लावायची. एररलेव्हल (प्रोग्रॅम संपताना देतो तो निकालाचा आकडा) शून्य नसेल तर ती फाइल बाजूच्या फोल्डरमध्ये हलते. सकाळी तो फोल्डर रिकामा दिसला की चहा घ्यायचा.

सगळ्यात जास्त त्रास कुणी दिला? घड्याळाने. मूळ एक्सटीला बॅटरीवरचं घड्याळच नसतं. रात्री वीज क्षणभर गेली की मशीन पुन्हा उठतं ते 1 जानेवारी 1980 ला, मध्यरात्री. स्क्रिप्ट मग मनोभावे चुकीच्या दीड वाजण्याची वाट बघते. घड्याळाचं कार्ड बसवल्यावर हा प्रकार थांबला. वेळेवर काम करून घ्यायचं असेल तर मोडेमच्या आधी हे कार्ड घ्या, असं मी म्हणेन.

दुसरी कटकट फोनची. मित्राकडे अजून तांब्याची लाइन आहे, माझा फोन इंटरनेटवरच्या अडॅप्टरमधून जातो. अडॅप्टरला माणसाचा आवाज सुधारायची भारी हौस, आणि तीच मोडेमच्या मुळावर येते. आवाज आकसून न टाकणारा जी.711 कोडेक (आवाजाचे आकडे करण्याची पद्धत) सक्तीचा केला, इको कॅन्सलेशन आणि शांततेत आवाज बंद करण्याची सोय दोन्ही काढून टाकल्या, तेव्हा 2400 ला लाइन स्थिरावली. कंपनीच्या मदतकेंद्राला 'मोडेम' हा शब्द समजावण्यात एक संध्याकाळ गेली, ती वेगळीच. कॉल वेटिंगही बंद करा, त्याच्या एका 'टुक'ने कॅरियर जाऊ शकतो.

वेग वाढवावा का? 9600 चा मोडेम लावून पाहिला. एक्सटीला मोडेम जोडायच्या सिरियल कार्डावरच्या 8250 चिपमध्ये एकच बाइट मावतो. डिस्कवर लिहिताना प्रोसेसर गुंतला की पुढचा बाइट त्याच्यावर येऊन आदळतो. झेडमोडेम प्रत्येक वेळी मागे जाऊन दुरुस्त करतो, पण कमावलेला वेग त्यातच जातो. 16 बाइटच्या बफरची 16550 चिप हा त्यावरचा जुना, खात्रीचा उपाय. ती मिळेपर्यंत 2400 वरच ठेवलं आहे. रात्र मोठी असते.

कमोडोर 64 हा जुना घरगुती संगणक वापरणाऱ्यांनी हे सगळं जसंच्या तसं उचलू नये. तिथे सिरियल चिपच नाही, ते काम सॉफ्टवेअर करतं, आणि 1541 ही त्याची फ्लॉपी ड्राइव्ह चालू असताना मोडेमकडे बघायला सवड नसते. थांबत थांबत जाणारा प्रोटोकॉलच त्या मशीनला मानवतो. त्यांच्यासाठी आमच्याच गावच्या स्टीव्ह पंटरचा पंटर प्रोटोकॉल आहे, आणि गठ्ठ्याने पाठवायला मल्टी-पंटर.