ग्रीनसाठी गवत: बर्म्युडा की पास्पलम?

अलिबागजवळ नऊ होलचं छोटं गोल्फ मैदान करू पाहणारा एक मित्र अडलाय: ग्रीनवर, म्हणजे चेंडूच्या खळग्याभोवतीच्या अगदी बारीक कापलेल्या हिरवळीवर, हायब्रिड बर्म्युडा लावू की सीशोर पास्पलम?

आधी पाणी बघा. पास्पलम मुळातच समुद्रकाठचं, बोअरचं खारट पाणी पचवतं. बर्म्युडाला खारेपणा बेतानेच चालतो. पण पाणीच कमी असेल तर बर्म्युडा सरस. मे महिन्यात पिवळी पडली तरी पहिल्या सरींनंतर गाठींतून पुन्हा फुटते. शेवटी ती आपल्या हरळीचा आफ्रिकन भावंडाशी झालेला संकर. गणपतीला वाहतो त्याच दूर्वांच्या कुळातली.

खरी परीक्षा पावसाळ्यात. बर्म्युडाला लख्ख ऊन लागतं. जुलैत आठवडाभर आभाळ दाटलं की ती विरळ होते आणि मोकळ्या जागेत शेवाळ धरतं. पास्पलम ढगाळ हवेत जास्त तग धरतं.

मेहनत मात्र पास्पलमला अधिक. बर्म्युडावर चालणारी बरीच तणनाशकं त्याला जाळतात. गवत कापायच्या मशिनची पाती बोथट असली की टोकं फाटून पांढुरकी दिसतात. नत्र जपूनच द्या, नाहीतर खाली थॅच, म्हणजे मेलेल्या काड्या-मुळांचा थर, साचतो. चाकूने एक तुकडा कापून बघा: तपकिरी, स्पंजासारखा थर सेंटिमीटरभर झाला असेल तर उभी कापणी करून (उभ्या पात्यांनी तो थर चिरून) वाळू पसरायलाच हवी.

थंडीचा प्रश्न कोकणात नाही.

देशावर, गोडं पण मोजकं पाणी असेल तिथे बर्म्युडा. किनाऱ्यावर, खारट बोअर आणि हाताशी जाणता माळी असेल तर पास्पलम. मित्राला मी पास्पलमच सांगितलंय.