सीलबंद डब्यात ‘आयसोलेटर’ आहे असं सांगणाऱ्यापासून सावध राहा

गाडीत दुसरी बॅटरी बसवायचा विचार असेल आणि आपल्या शहादा-तळोदा-नंदुरबार-धुळे पट्ट्यात कोणी ‘स्वस्तात पूर्ण किट बसवून देतो’ म्हणत असेल, तर पैसे देण्याआधी हे वाचा. माझे 14,500 रुपये गेले. त्याहून वाईट म्हणजे चालत्या गाडीला आग लागायची तेवढी राहिली. त्या माणसाचं नाव इथे लिहीत नाही, कारण प्रकरण तक्रारीत आहे. पण त्याने केलं काय ते सगळं सांगतो, कारण तोच काळा डबा मी नंतर दुसऱ्यांच्या गाड्यांतही पाहिला.

माझी गरज साधी होती. जुनी फोर बाय फोर थार आहे. तोरणमाळ, पुढे सिंदीदिगर, धडगावकडचे पाडे असं आमचं फिरणं. रात्री तंबूपाशी दिवे लागावेत, मोबाइल चार्ज व्हावेत, 12 व्होल्टचा छोटा फ्रिज चालावा आणि सकाळी गाडी सेल्फवर सुरू व्हावी, एवढंच. याला महागडं काही लागत नाही. एक जास्तीची बॅटरी, दोन्ही बॅटऱ्यांना जोडणारा आणि तोडणारा रिले (यालाच आयसोलेटर म्हणतात), तांब्याची जाड केबल आणि फ्यूज. इंजिन चालू असताना अल्टरनेटर दोन्ही बॅटऱ्या भरतो. इंजिन बंद झालं की रिले त्यांना वेगळं करतो, म्हणजे फ्रिज रात्रभर चालला तरी फक्त जास्तीची बॅटरी उतरते, स्टार्टरची शाबूत राहते. नव्या बीएस 6 गाड्यांत अल्टरनेटर व्होल्टेज स्वतःच कमी-जास्त करत असेल तर साध्या रिलेऐवजी दुसऱ्या बॅटरीला नेमकं व्होल्टेज देणारा डीसी-डीसी चार्जर लावावा लागतो. माझ्या गाडीला ती भानगड नाही.

हे सगळं कागदावर काढून मी त्या मिस्तरीसमोर ठेवलं होतं. तो म्हणाला, “भाऊ, काही टेन्शन घेऊ नका, मी शे ना! सुटं सुटं घ्यायला गेलात तर 20 हजार जातील. माझं किट घ्या, दोन वर्षं बघायचं काम नाही.” किटमध्ये 100 एएचची (अँपिअर-अवर, म्हणजे बॅटरीची क्षमता) ‘नवी’ बॅटरी, लाल केबल आणि एक काळा प्लॅस्टिकचा डबा. डब्याच्या कडा एम-सीलने बंद, वर हिरवा दिवा. “हा उघडला की वॉरंटी गेली,” हे त्याने आवर्जून सांगितलं. चावी फिरवली की हिरवा दिवा लागायचा, चावी काढली की विझायचा. कोणालाही वाटेल की बॅटऱ्या जोडल्या गेल्या आणि सुटल्या. फसवणुकीचा सगळा डाव त्या दिव्यावर उभा होता.

थंडीत तोरणमाळला यशवंत तलावाजवळ मुक्काम केला. पहाटे फ्रिज बंद, दिवे बंद, आणि चावी फिरवली तर नुसतं टिक टिक. दोन्ही बॅटऱ्या उतरलेल्या. एका क्रूझरवाल्या दादांनी जंपर लावून गाडी सुरू करून दिली. सातपायरी घाट उतरताना रबर जळाल्यासारखा वास यायला लागला म्हणून गाडी बाजूला घेतली. सीटमागून जाणाऱ्या केबलला हात लावला तर चटका बसला. पत्र्याच्या भोकातून केबल जिथे आत येते तिथे रबराची गोट नाही, त्यामुळे तापून मऊ झालेलं कव्हर पत्र्याच्या धारेवर निम्मं कापलं गेलेलं. केबलवर एकही फ्यूज नाही. आणखी थोडं कापलं असतं तर तांबं थेट बॉडीला टेकलं असतं आणि ते थांबवायला मध्ये काहीच नव्हतं. मागे बॅटरी पट्ट्याशिवाय नुसती ठेवलेली, वळणांवर सरकून अ‍ॅसिड सांडलेलं. आमच्यासोबत लहान मुलं होती. आजही ते आठवलं की संताप येतो.

शहाद्याला आल्यावर ओळखीच्या एका जुन्या ऑटो इलेक्ट्रिशियन आबांकडे गाडी नेली. डबा कापायच्या आधी ते म्हणाले, “आधी मोबाइलवर शूटिंग लावा, मग मी ब्लेड चालवतो.” तो सल्ला पुढे फार कामाला आला. डब्यात रिले नव्हताच. दोन बोल्ट आणि त्यांना थेट जोडणारी एक लोखंडी पट्टी. वजन वाटावं म्हणून बाकी जागेत वाळू. हिरव्या दिव्याची बारीक वायर इग्निशनवरून वेगळी आणलेली, तिचा बॅटऱ्यांशी काही संबंध नाही. म्हणजे दोन्ही बॅटऱ्या चोवीस तास एकमेकींना जोडलेल्या. रात्री दोन्ही रिकाम्या झाल्या, सकाळी अल्टरनेटरने दोन्हींत एकदम जोराने करंट ढकलला आणि तो सगळा त्या केबलमधून गेला.

आता केबल. आबांनी एक तार काढून ब्लेडने खरवडली. वरचा लालसर थर निघाला आणि आत पांढरी धातू. तांब्याचा मुलामा दिलेलं अ‍ॅल्युमिनियम. तांब्याच्या तुलनेत अ‍ॅल्युमिनियम साधारण 60 टक्केच वीज वाहून नेतं, म्हणून त्याच जाडीची केबल जास्त तापते. त्यात कव्हर इतकं जाड की केबल 25 स्क्वेअर एमएमची वाटावी, आत तारा निम्म्याही नाहीत. आपल्याकडे मे महिन्यात पारा 45 ला टेकतो, तेव्हा उन्हात उभ्या गाडीत अशा केबलचं काय होईल ते सांगायला नको.

बॅटरीची गोष्ट याहून वाईट. स्टिकरचा कोपरा उचकटला तर खाली दुसरं स्टिकर, जुनं, 80 एएचचं. तारखेचा कोड ग्राइंडरने घासलेला. टर्मिनलवर क्लॅम्पचे जुने ओरखडे, वरून पॉलिश. रात्रभर चार्ज करून हायड्रोमीटर (अ‍ॅसिडची घनता मोजायची नळी) लावला तेव्हा पाच सेल 1.240 च्या आसपास आणि एक 1.150, म्हणजे तो सेल गेलेला. भंगारात निघालेली बॅटरी धुऊन, अ‍ॅसिड बदलून मला नवी म्हणून विकली होती.

यातलं बरंचसं पैसे देण्याआधी दुकानातच दिसू शकतं, म्हणून सांगतो. मल्टिमीटर 300-400 रुपयांत मिळतो. इंजिन चालू असताना दोन्ही बॅटऱ्यांवर साधारण 13.8 ते 14.4 व्होल्ट दिसायला हवेत. मग इंजिन बंद करून थोडा वेळ थांबा, जास्तीच्या बॅटरीवर हेडलाइटचा बल्ब किंवा फ्रिज लावा आणि स्टार्टरच्या बॅटरीवर मीटर धरा. तिचा आकडाही सोबत खाली उतरत असेल, तर बॅटऱ्या वेगळ्या झालेल्याच नाहीत, मग डब्यावर कोणत्याही रंगाचा दिवा लागो. व्होल्टेज बघून चालणारा चांगला रिले 13.3 च्या आसपास जोडतो आणि 12.8 च्या आसपास सोडतो. जोडताना ‘टक’ आवाज येतो, तो कानाने ऐका. स्वस्तात म्हणून कोणी रिलेऐवजी स्टार्टरचा सोलेनॉइड (सेल्फ मारताना करंट जोडणारा स्विच) लावून देत असेल तर नको म्हणा. दिसतो तसाच, पण तो काही सेकंदांच्या कामासाठी असतो. तासन्‌तास चालू राहिला की तापून चिकटतो.

केबलचं टोक तुमच्यासमोर सोलायला लावा, तार खरवडा. फ्यूज दोन हवेत, प्रत्येक बॅटरीपासून वीतभर अंतरावर एक, कारण करंट दोन्ही बाजूंनी येऊ शकतो. बॅटरीचं वजन कंपनीच्या माहितीपत्रकात छापलेलं असतं. पपईच्या व्यापाऱ्याच्या काट्यावर ठेवली तरी खरं-खोटं कळतं. गाडीच्या आत ठेवायची असेल तर सीलबंद एजीएम (अ‍ॅसिड न सांडणारी) बॅटरी घ्या, पाण्याची बॅटरी चार्ज होताना हायड्रोजन सोडते. आबांनी माझ्या गाडीत हेच सगळं उघड्या मालाने बसवून दिलं आणि प्रत्येक वस्तूचं पक्कं बिल हातात दिलं.

आणि बिल. त्या माणसाने मला ‘एस्टिमेट’ लिहिलेला कागद दिला होता, त्यावर जीएसटी नंबर नाही, बॅटरीचा सीरियल नंबर नाही. यूपीआयचे पैसेही तिसऱ्याच नावावर गेले. फोन केला तर उत्तर एकच: “डबा उघडला ना? मग वॉरंटी संपली.” नंतर नंबरच ब्लॉक.

मी आधी 1915 या ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली, आता जिल्हा ग्राहक आयोगात अर्ज केला आहे. 5 लाखांपर्यंतच्या व्यवहाराला तिथे फी लागत नाही आणि घटनेपासून दोन वर्षांच्या आत अर्ज करता येतो. एस्टिमेटचा कागद, यूपीआयची नोंद, चॅट आणि आबांकडचा व्हिडिओ जोडला आहे. अर्जानंतर ‘बॅटरी परत करा, 5 हजार देतो’ असा निरोप आला. बॅटरी मी देणार नाही, त्या स्टिकरखालचं स्टिकर आयोगाला दाखवायचं आहे.

कोणाच्या गाडीत एम-सील लावलेला, वर हिरवा दिवा असलेला असाच काळा डबा असेल तर तपासल्याशिवाय गाडी घाटात नेऊ नका. दोन्ही बॅटऱ्यांच्या निगेटिव्ह काढा, मग ती लाल केबल मुख्य बॅटरीच्या पॉझिटिव्हवरून सोडवा, आणि डबा व्हिडिओ लावूनच उघडा.