परदेशात घर घ्यायचं की भाड्यानं राहायचं?

शिरोली, गोकुळ शिरगावच्या कारखान्यांत उमेदवारी करून जर्मनी गाठलेली कोल्हापूरची पोरं आता बरीच आहेत. पोरगं जरा स्थिरावलं की इकडून फोनवर सुरू होतं, 'भाड्यात पैसे कशाला घालवतोस? घराचं बघ की.' राजारामपुरीत हा सल्ला चालून जाईल. तिकडं आधी एवढंच विचारायचं: पुढची आठ-दहा वर्षं त्याच शहरात राहणं आपल्या हातात आहे का?

आकडेच मांडू. कोलोन, ड्युसेलडॉर्फकडे ४ लाख युरोचा फ्लॅट धरा. खरेदीवरचा कर ६.५ टक्के, म्हणजे २६ हजार. नोटरी आणि नोंदणीचे साधारण ८ हजार. दलाल असेल तर त्याचे आणखी १४ हजार. झाले ४८ हजार युरो, आणि घर विकताना यातला एक सेंटही परत येत नाही. तसाच फ्लॅट महिना १,२०० युरोनं मिळत असेल, तर एवढ्या पैशात ४० महिन्यांचं भाडं निघतं. शिवाय व्याजदर बहुधा दहा वर्षांसाठी बांधलेला असतो. त्याआधी घर विकून कर्ज फेडलं की बँक भरपाई मागते. तीन वर्षांत नोकरी बदलून म्युनिकला जायचं असेल, तर हा व्यवहार अंगाशी येतो.

एक जोखीम मात्र तिकडं कमी आहे. इथं सातबारा, फेरफार, पंचगंगेची पूररेषा सगळं आपणच तपासायचं. तिकडं नोटरी सगळा करार मोठ्यानं वाचून दाखवतो, तोही जर्मनमध्ये. भाषा येत नसेल तर दुभाषा घ्यावाच लागतो. नुसती मान डोलावून सही करू नका.

भाड्याच्या घरात पहिला धक्का बसतो तो स्वयंपाकघरात. बऱ्याच घरांत ओटा नाही, सिंक नाही, शेगडी नाही. भिंतीतून आलेले पाइप तेवढे दिसतात. सगळं आपण बसवायचं आणि जाताना काढून न्यायचं, नाहीतर पुढच्या भाडेकरूला विकायचं. अनामत जास्तीत जास्त तीन महिन्यांच्या मूळ भाड्याएवढी. मालकाला स्वतः राहायचं असेल तर घर सोडावं लागतं, पण नोटीस किमान ३ महिन्यांची, पाच वर्षं राहिलात तर ६. आपल्याकडच्या अकरा महिन्यांच्या कराराची टांगती तलवार तिथं नसते. घर दाखवायच्या आधीच अनामत मागितली तर मात्र ती फसवणूकच समजा.

अमेरिकेत एच-१बी या नोकरीच्या व्हिसावर असाल तर नोकरी गेल्यावर जास्तीत जास्त ६० दिवस मिळतात. तेवढ्यात नवी नोकरी शोधायची की घराला गिऱ्हाईक? ग्रीन कार्ड येईपर्यंत भाडंच बरं.

आणि कृपा करून पोराच्या डाउन पेमेंटसाठी उसाचं रान विकू नका. बाहेर पाठवायच्या पैशाला माणशी वर्षाला अडीच लाख डॉलरची मर्यादा आहे. १० लाख रुपयांच्या वरच्या रकमेवर २० टक्के टीसीएस, म्हणजे पैसे पाठवतानाच घेतला जाणारा आगाऊ कर, कापला जातो. तो पुढं करात वळता होतो, पण तोवर अडकतो. रान मात्र परत मिळत नाही.

जर्मनीत ब्लू कार्डवाल्याला, म्हणजे उच्चशिक्षितांचा कामाचा परवाना असलेल्याला, जर्मन भाषेची बी१ ही मधली पातळी जमली तर २१ महिन्यांत कायम वास्तव्याचा परवाना मिळू शकतो. तो हातात आला, नवरा-बायको दोघांची नोकरी आणि मुलांची शाळा एकाच शहरात बसली, की खुशाल घर घ्यावं.