कुपवाडच्या ओएसएल नळ्या: स्टील उत्तम, टोपणे बदलून घ्या

कुपवाड एमआयडीसीतल्या एका छोट्या वर्कशॉपमध्ये वाळूचे नमुने काढायच्या स्टीलच्या नळ्या बनतात. वाळूच्या कणाला शेवटचं ऊन कधी लागलं, हे ओएसएल (ऑप्टिकली स्टिम्युलेटेड ल्युमिनेसन्स) पद्धतीने मोजायचं तर नमुना अंधारातच बाहेर यावा लागतो; नळी त्यासाठी. पुरलेल्या कणात भोवतालच्या मातीतल्या किरणोत्सर्गाची ऊर्जा साठत जाते आणि ऊन लागलं की पुसली जाते; हाच साठा प्रयोगशाळेत संकेत म्हणून मोजतात. राजस्थानातल्या लुणी नदीच्या जुन्या पुरांवर विश्वास काळे आणि अशोक सिंघवी या संशोधकांनी केलेलं काम याच पद्धतीवर उभं आहे.

नळी ३०४ स्टेनलेसची, व्यास ५० मिमी, लांबी २५० मिमी, आणि मुख्य म्हणजे सीमलेस. शिवणीच्या पाइपात आतून वेल्डची रेघ राहते आणि ती कडेचे कण ओरबाडून आत ढकलते. चॅम्फर, म्हणजे तोंडाची तिरकी धार, बाहेरून मारलाय, तेही अचूक. आतून मारला असता तर वाळू आत जाताना दाबली जाऊन पातळ थर वाकले असते. कंकर (मातीतला चुन्याचा टणक खडा) लागला की धार दुमडते. तेव्हा जोर न करता त्याच थरात वीतभर सरकून नव्याने ठोकावं.

घोळ आहे तो टोपणांत. सोबत येणारी पांढरी प्लास्टिकची टोपणे उजेड आत सोडतात. थेट उन्हात क्वार्ट्झमधला (वाळूतल्या गारेच्या कणांतला) मोजायचा संकेत काही सेकंदांत बराचसा पुसला जातो, आणि मग थराचं वय कमी निघतं. जाड काळी टोपणे मागून घ्या. पेन टॉर्च पेटवून नळीत ठेवा, टोपणं बसवा आणि अंधाऱ्या खोलीत बघा: कडेने उजेड दिसला की ते टोपण बाद. काळी चिकटपट्टी वरून हवीच, कारण ओलावाही टिकवायचा असतो. मातीतलं पाणी किरणोत्सर्ग शोषतं. ओलावा १ टक्क्याने चुकला तर वयही साधारण तेवढंच चुकतं.

ठोकण्याआधी उघडा पडलेला भाग २०-३० सेंमी खरवडून काढा. नळी काठोकाठ भरली पाहिजे. पोकळी राहिली तर गाडीच्या हादऱ्यांनी टोकाचे, उजेड लागलेले कण मधल्यांत मिसळतात; तिथे काळं प्लास्टिक कोंबा. प्रयोगशाळेत दोन्ही टोकांची २-३ सेंमी वाळू वेगळी काढतात. ती ओलावा आणि किरणोत्सर्ग देणारे युरेनियम, थोरियम, पोटॅशियम मोजायला उपयोगी पडते.

एक अडचण कुठल्याच नळीने सुटत नाही. गढूळ लोंढ्यात वाळूला पुरेसं ऊन मिळत नाही, कणांत जुना हिशेब उरतो आणि पूर आहे त्याहून जुना दिसतो. म्हणून दोन पूरथरांमध्ये वाऱ्याने आणलेली वाळू सापडली तर तिथे एक नळी ठोकाच. ती उन्हात नीट भाजून निघालेली असते, त्यामुळे खालचा पूर तिच्या आधीचा आणि वरचा नंतरचा, हे पक्कं धरता येतं. वाळवंटातल्या थरांचं हे मोठं सुख आहे.

कृष्णाकाठासाठी मात्र हा संच घेऊ नका. २०१९ मध्ये सांगलीच्या आयर्विन पुलापाशी पाणी ५७ फुटांवर गेलं. त्याच्याशी ताडून पाहायला जुने पूर हवेत, ही ओढ अगदी खरी. पण सांगलीच्या वरचं खोरं बेसाल्टचं आहे. गाळात क्वार्ट्झ फारच कमी, आणि ज्वालामुखी खडकातल्या फेल्डस्पार या दुसऱ्या खनिजाचा संकेत पुरलेल्या अवस्थेतही ओसरत राहतो, म्हणून वय कमी निघतं. शिवाय चिकण काळी माती नळीतून निघता निघत नाही.